दूध-तूप-साखर सोडूनही गोड सुटत नाही: मग खायचं काय आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दूध, तूप आणि पांढरी साखर सोडून सहा महिने झाले. त्यांच्या जागी गूळ, खजूर आणि कोकोनट शुगर आली. तरी दुपारी चारला आणि रात्री जेवण झाल्यावर काहीतरी गोड लागतंच, मग खजूर-ड्रायफ्रूटचे दोन-तीन लाडू जातात. आणि आता एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ५.९ आलाय, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात (५.७ ते ६.४). तुम्ही विचारताय की सगळ्यात हेल्दी गोडी कुठली, आणि प्राणिजन्य काही न वापरता गोडाचे आणखी कुठले पदार्थ करता येतील.

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते छोटं आहे: गोडी कुठली घेता याने फारसा फरक पडत नाही. गुळात ६५ ते ८५ टक्के साखरच असते, उरलेलं पाणी आणि थोडे क्षार. लोह असतं, पण गुळाच्या प्रतीप्रमाणे ते कमीजास्त होतं, आणि दिवसाच्या दहा-पंधरा ग्रॅम गुळातून मिळून मिळून किती मिळणार? कोकोनट शुगरमध्ये बहुतांश सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेत असतं तेच. ब्राऊन शुगर म्हणजे पांढरी साखर आणि थोडी मळी. काकवी चवीला सुंदर, पण शेवटी तीही साखरेचा दाट पाकच. या यादीत खरा वेगळा आहे तो अख्खा खजूर, कारण त्यात १०० ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम तंतू (फायबर) असतात. पण त्याच १०० ग्रॅममध्ये साखर साधारण दोन-तृतीयांश असते, हे लाडू वळताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या स्टीव्हिया, मंक फ्रूट, एरिथ्रिटॉल यांचं: जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला स्टीव्हियासारख्या बिनसाखरेच्या गोडींवर भिस्त ठेवू नका; एरिथ्रिटॉल त्या शिफारशीत येत नाही. चहात चिमूटभर घातल्याने काही बिघडत नाही. मात्र जिभेला जी गोडाची पातळी लागलेली असते ती तशीच राहते. शिवाय एरिथ्रिटॉलचे लाडू थंड झाल्यावर दाताखाली खडे लागतात आणि तोंडात विचित्र गारवा येतो. मंक फ्रूटच्या पाकिटातही बहुतेक वेळा एरिथ्रिटॉलच जास्त असतं.

आता तुमच्या लाडवाचा हिशेब करू. बाजारात मिळतो तसा लाडू ४० ग्रॅमचा धरला आणि त्यात तीन-चतुर्थांश खजूर धरला, तर ३० ग्रॅम खजूर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम साखर. दोन लाडू झाले की ४०, तीन झाले की ६०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि जमलं तर २५ च्या आत. अख्खं फळ या हिशेबात धरत नाहीत; मध, पाक, फळांचा रस धरतात. खजुराची पेस्ट सीमेवर बसते. मी ती हिशेबात धरायला सांगते, कारण वाटलेला खजूर आपण मोजत नाही आणि चावतही नाही. बी काढून एकेक खजूर खायचा म्हटलं तर तीन-चारवर हात थांबतो. लाडवात सहा कधी गेले ते कळत नाही.

म्हणून प्रश्न जरा फिरवून घेऊ. साखरेच्या जागी काय, हे विचारण्याऐवजी असं विचारू: कमी गोडात तोंड गोड झाल्यासारखं कसं वाटेल, आणि ती साखर पोटात तंतू, प्रथिनं आणि स्निग्धांश यांच्या सोबतीने सावकाश कशी उतरेल? पुढचं सगळं त्याच अंगाने आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मधुमेहाची औषधं सुरू असतील, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या, तर गोड एकदम बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरांना सांगून करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर खजूर, केळं, नारळपाणी, रताळं या सगळ्यांतल्या पोटॅशियमचा विचार करावा लागतो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं असेल तर नारळाचं प्रमाण कमी, कारण खोबऱ्यातली चरबी बहुतांश संपृक्त असते. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असेल तर खालचे निम्मे पदार्थ बदलावे लागतील.

पदार्थांकडे जाण्याआधी चार वाजताच्या तल्लफेबद्दल. दूध सोडणाऱ्या बऱ्याच घरांत दिसतं ते असं: दही, ताक, पनीर पानातून जातं आणि त्या जागी काहीच येत नाही. तीन पोळ्या, बटाट्याची नाहीतर भेंडीची भाजी, थोडा भात असं जेवण झालं की तीन तासांत पुन्हा भूक लागणार, आणि ती भूक गोड मागणार. आठवडाभर दुपारच्या जेवणात घट्ट उसळ मोठी वाटीभर घ्या: मटकी, हरभरा, चवळी, वाल, काहीही. एक पोळी कमी करा. चारची तल्लफ निम्मी झाली तर ती भूक होती. रात्रीची मात्र सहसा सवय असते. ओळखायला सोपं आहे: त्या वेळी समोर भाजी-भाकरी ठेवली तर खाल का? खाणार असाल तर भूक, नाही तर सवय. सवयीला लाडू देऊ नका, छोटं काहीतरी द्या. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता कमी साखरेत जास्त गोड लागण्याच्या युक्त्या. या एकदा हातात बसल्या की कुठल्याही पाककृतीतला गूळ पाव हिश्श्याने कमी करता येतो आणि खाणाऱ्याला कळतही नाही.

तापमान बघा. कोमट पदार्थ जास्त गोड लागतो, फ्रीजमधला गार कमी. खीर गार करून द्यायची म्हणून आपण गूळ वाढवतो; तीच कोमट वाढली तर तेवढा लागत नाही. मीठ बघा. अर्ध्या किलोच्या पदार्थाला पाव चमच्याच्या निम्मं मीठ घातलं की कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. नाचणी, कोको, काळे तीळ यांच्यात तर मिठाशिवाय चव उघडतच नाही. तिसरा वास. वेलची, जायफळ, केशर, हळदीचं पान, व्हॅनिला यांचा आपल्या डोक्यात गोडाशी मेळ बसलेला आहे, त्यामुळे नुसत्या वासानेही पदार्थ गोड वाटतो. पण वेलचीपूड महिनाभर डबीत पडलेली असेल तर तिच्यात काही उरलेलं नसतं. दाणे आयत्या वेळी कुटा आणि गॅस बंद केल्यावर घाला, उकळीत घातलेली वेलची वाफेबरोबर निघून जाते.

आणि चौथी युक्ती, मला सगळ्यात कामाची वाटणारी: गोड सगळीकडे कालवू नका, एका जागी ठेवा. उकडीच्या मोदकाची पारी अळणीच असते, गोड फक्त सारण. पातोळीचंही तेच. तोंडात दोन्ही एकत्र येतात आणि जीभ सारणाच्या गोडीवर समाधानी होते. हेच नाचणीच्या लापशीत करा: आत गूळ अजिबात नको, वाटीत काढल्यावर वरून एक चहाचा चमचा काकवी, न ढवळता. तेवढ्याच काकवीने लापशी बरीच जास्त गोड वाटते.

लाडवापासून सुरुवात करू, कारण तुम्हाला तो हवाच आहे. प्रमाण उलटं करा, खजूर चिकटवण्यापुरता आणि दाणे-तीळ मुख्य. १०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं काढून, ५० ग्रॅम पॉलिश न केलेले तीळ तडतडेपर्यंत भाजून, ८० ग्रॅम बी काढलेला मऊ खजूर, दोन चिमटी मीठ, पाच-सहा वेलच्या. दाणे आणि तीळ पूर्ण गार होऊ द्या. मिक्सर थांबत-थांबत फिरवा, रव्याइतकं जाडसर ठेवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, दाण्याला तेल सुटतं आणि मग लाडू तेलकट होऊन हाताला लागतो. त्यात खजुराचे तुकडे घालून पुन्हा दोन-चार वेळा फिरवा, मुठीत दाबल्यावर गोळा राहिला की थांबा. याचे १५ लाडू होतात, सुपारीपेक्षा थोडे मोठे, प्रत्येकी सुमारे १५ ग्रॅम. एका लाडवात साखर साडेतीन ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं दोन ग्रॅमच्या वर, कॅलरी सत्तर-पंच्याहत्तर. म्हणजे चार वाजता दोन खाल्ले तरी साखर सात ग्रॅमवर थांबते.

खजूर कोरडा निघाला तर लाडू वळत नाही आणि लोक पाण्याचा हबका मारतात. तो मारू नका. पाणी लागलेला लाडू तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. खजूर चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफवा, कोरड्या फडक्यावर पसरा, मग वाटा. असे लाडू बंद डब्यात आठ-दहा दिवस बाहेर टिकतात, त्याहून जास्त ठेवायचे तर फ्रीजमध्ये. दाणे आधीच खवट असतील तर वेलची कितीही घाला, काही उपयोग नाही; भाजण्यापूर्वी एक दाणा चावून बघायचाच.

बेसनाचे लाडू तुपाशिवाय करायचे तर खोबरेल तेल चालतं, पण खाण्याचं, घाण्यावरचं घ्या. ते साधारण २४-२५ अंशाखाली गोठतं म्हणून थंडीत लाडू छान बसतात आणि मे महिन्यात ताटलीत पसरतात. उन्हाळ्यात निम्मं खोबरेल आणि निम्मं शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे नुसतं दाणे वाटून केलेलं, साखर न घातलेलं, असं घ्या.

आता नारळाच्या दुधातले पदार्थ. तुम्ही लिहिलंय की ‘व्हेगन गोड म्हणजे सगळं परदेशी वाटतं’. उलट आहे. दूध-तुपाचा सुकाळ देशावर. कोकण आणि गोव्यात सणाचं निम्मं गोड नारळाच्या रसावरच चालतं. घावन-घाटलं, शिरवाळे आणि रस, मणगणें, केळ्याचं रसायन, तवसळी, खांतोळी, फणसाचं सांदण. वरून सोडलेली तुपाची धार आणि मोदकाच्या उकडीतला चमचाभर लोण्या-तुपाचा गोळा वगळला की यांतले बहुतेक पदार्थ तुमच्या नियमात आपोआप बसतात. गूळ तेवढा कमी करायचा.

मणगणें, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची खीर, घेऊ, कारण त्यात डाळ आहे, म्हणजे प्रथिनं आणि तंतू आलेच. सहा वाट्यांसाठी १०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ, दोन मोठे चमचे साबुदाणा, ७० ग्रॅम गूळ, एका नारळाचं दूध, मीठ, वेलची. घरोघरी यात गूळ दुप्पट किंवा त्याहून जास्त पडतो. ७० ग्रॅमला वाटीमागे १२ ग्रॅमच्या आत गूळ येतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यामुळे तुम्ही तो वगळा आणि दाटपणासाठी एक चमचा तांदळाची पिठी पाण्यात कालवून लावा.

नारळ खवून कोमट पाण्याची एक मोठी वाटी घालून वाटा, फडक्यातून पिळा: हे जाड दूध, वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटून पिळा: हे पातळ. डाळ दोन तास भिजवून साध्या पाण्यात शिजवा, बोटाने दाबल्यावर चिरडेल पण अख्खी दिसेल इतकी. कुकरमध्ये गरगट होते, मग खिरीचं पिठलं होतं. डाळ पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गुळातली साखर आणि कॅल्शियम डाळीचा गाभा घट्ट करतात; एकदा गूळ पडला की कच्ची राहिलेली डाळ तासभर उकळून मऊ होत नाही. शिजलेल्या डाळीत पातळ दूध, पिठी, चिरलेला गूळ आणि मीठ घालून आठ-दहा मिनिटं मंद उकळू द्या. मग गॅस अगदी बारीक करून जाड दूध घाला, ढवळत राहा, कडेने वाफ दिसू लागली की बंद. उकळी आणायची नाही. नारळाच्या दुधातली प्रथिनं तेलाचे थेंब धरून ठेवतात, जास्त तापली की ती गोठतात आणि तेल वेगळं होऊन वर तवंग येतो. फुटलंच तर टाकून देऊ नका, चव बिघडलेली नसते; तेवढा रस मिक्सरमधून एकदा फिरवला की बराच जमून येतो.

परदेशात असाल तर डब्यातलं नारळाचं दूध चालेल. त्यात बहुतेकदा गवार गम असतो म्हणून ते कमी फुटतं. ‘लाइट’ लिहिलेल्या डब्यात फक्त पाणी जास्त असतं, ते घरी घालता येतं. आणि सोया किंवा बदामाच्या दुधात करायचं झालं तर गूळ गरम असताना घालू नका, दूध कोमट होऊ द्या; गुळाच्या आंबटपणाने सोयाचं दूध गायीच्या दुधासारखंच फाटतं. चहातही तेच होतं. सोया दूध आधी वेगळं कोमट करून घ्या, चहा उकळीवरून उतरू द्या, मग दोन्ही एकत्र करा.

नारळाबद्दलचा इशारा पुन्हा देते: मणगणें सणाला किंवा आठवड्यात एकदा. रोज वाटीभर नको. एलडीएल वाढलेलं असेल तर जाड दुधाऐवजी भिजवलेले काजू किंवा टरबुजाचा मगज वाटून घाला.

तवसळी, म्हणजे काकडीचा वाफवलेला केक, रोजच्या जवळ जाणारी आहे. पिकलेली मोठी तवसं मिळाली तर उत्तम, नाही तर साधी काकडी. एक वाटी किस, एक वाटी तांदळाचा रवा कोरडा भाजून, पाऊण वाटी ओलं खोबरं, पाव वाटीपेक्षा थोडा जास्त गूळ, मीठ. काकडी किसण्याआधी दोन्ही टोकांचा तुकडा चाखा. एक कडू काकडी सगळं भांडं घालवते. गूळ आणि किस एकत्र आले की पाणी सुटतं, म्हणून वरून पाणी आधीच घालायचं नाही. सगळं मिसळून १५-२० मिनिटं ठेवा, रवा पाणी पिऊन फुगेल, मग इडलीच्या पिठाइतकं सैल होईपर्यंत लागलं तरच पाणी. हळदीचं पान तळाशी घालून २०-२५ मिनिटं वाफवा. सुरी स्वच्छ निघाली तरी लगेच कापू नका, गार झाल्याशिवाय वड्या पडत नाहीत. आठ वड्या केल्यात तर एकीत सात-आठ ग्रॅमच गूळ येतो. हीच वडी मुलांच्या डब्यात केकऐवजी जाते.

रताळ्याबद्दल सगळे विचारतात, आणि इथे एक पेच आहे. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान स्टार्चचं माल्टोज या साखरेत रूपांतर करतं. म्हणून निखाऱ्यात किंवा ओव्हनमध्ये १६०-१७० अंशांवर तासभर सावकाश भाजलेलं रताळं मधासारखं गोड लागतं. तेच मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत शिजवलं तर फिकं, कारण विकराला वेळच मिळत नाही. ज्यांना साखरेचा त्रास नाही त्यांनी सावकाश भाजावं, वरून काहीच घालायला नको. पण भाजलेलं रताळं रक्तातली साखरही उकडलेल्यापेक्षा जास्त वाढवतं. तुमचा एचबीएवनसी बघता तुम्ही उकडलेलं घ्या, सालासकट, १०० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यावर दाण्याचा कूट, मीठ, लिंबू. उपासाच्या दिवशी तूप-साखरेत परतलेले काप होतात ते या हिशेबात धरू नका.

नाचणीत हाच विकरांचा खेळ फायद्याचा पडतो. मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीची लापशी बिनमोडाच्या पिठापेक्षा पातळ आणि थोडी गोडसर होते. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होणारच. मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा, मीठ घाला, वरून काकवीचा तो एक चमचा किंवा दोन खजूर बारीक चिरून. दूध सोडलेल्यांना नाचणी आणखी एका कारणासाठी हवी: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम.

आइस्क्रीमसाठी केळी. सालावर तपकिरी ठिपके आलेली घ्या, पिवळीधमक केळी अजून पिठूळ असतात. चकत्या करून ताटलीत सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पिशवीत कोंबल्या तर दगड होतो. काढून पाच मिनिटं थांबा, छोट्या भांड्यात एक चमचा कोको, एक चमचा दाण्याचं लोणी, चिमूटभर मीठ आणि जेमतेम दोन चमचे नारळाचं दूध घालून थांबत-थांबत फिरवा. द्रव जास्त झाला की मिल्कशेक होतो. लगेच खा, पुन्हा गोठवलं तर खडा होतो, कारण आइस्क्रीम मऊ ठेवायला लागते तेवढी साखर आणि चरबी यात नसते. चिकू आणि सीताफळाचा गरही असाच गोठवता येतो, सीताफळ तर सायीची उणीव भासू देत नाही. मात्र ही तिन्ही फळं गोड आहेत. तुमच्यासाठी अर्धं केळं किंवा चार चमचे गर, आणि ते चार वाजताच्या लाडवाऐवजी, त्याच्याबरोबर नाही. आमरसही वाटीने प्यायचा नाही, आंब्याच्या फोडी चावून खायच्या.

होळीला पुरणपोळी सोडायची गरज नाही. डाळीइतकाच गूळ घालण्याची पद्धत आहे. २५० ग्रॅम डाळीला १५० ग्रॅमपर्यंत आणलात तर चव राहते. गूळ कमी झाला की पुरण कोरडं पडतं आणि लाटताना पोळी फुटते, कारण ओलावा धरून ठेवण्याचं कामही गूळच करत असतो. अशा वेळी वाटताना कटाचे दोन-तीन चमचे घाला. असं पुरण बाहेर टिकत नाही, त्याच दिवशी संपवा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. पोळी तेलावर भाजा आणि वर नारळाचं दूध घ्या, किनारपट्टीवर तसं खातातच.

रात्रीच्या सवयीसाठी पर्याय छोटेच ठेवा: दोन सुकी अंजिरं चावून-चावून, किंवा ७० टक्क्यांच्या वरच्या डार्क चॉकलेटचा दहा ग्रॅमचा तुकडा, किंवा भाजलेली बडीशेप-तीळ. ज्येष्ठमधाची काडी चघळायला अनेकांना आवडते आणि ती खरंच गोड असते, पण रक्तदाब असेल तर रोज नको, ती तो वाढवते. ‘हेल्दी’ म्हणून खाल्ली जाणारी आवळा कॅंडी बहुतांश साखरेत मुरवलेली असते. आणि जेवणानंतर घरातल्या घरात का होईना, दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतरची साखर त्याने खाली राहते.

बाजारातून काही आणताना हिरवा ठिपका पुरेसा नाही, दूध असलेल्या पदार्थावरही तो असतो. व्हेगन पदार्थांसाठी भारतात २०२२ च्या नियमांनुसार वेगळं हिरवं ‘व्ही’चं चिन्ह आहे. पण तेही फक्त प्राणिजन्य काही नाही एवढंच सांगतं. मागच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ची ओळ बघा, विशेषतः ओट्सच्या आणि बदामाच्या दुधाच्या खोक्यांवर. ओट्सच्या दुधात साखर घातलेली नसली तरी विकर वापरून ओट्सच्या स्टार्चची साखर केलेली असते, म्हणून ‘एकूण साखर’ हा आकडाही वाचा.

चहात गूळ किंवा कोकोनट शुगर किती घालता ते तुम्ही लिहिलं नाहीत; तीही साखरच. दोन चमचे आणि तीन कप असतील तर तिथेच २५ ते ३० ग्रॅम झाले, आणि मग लाडवावर चर्चा करण्यात अर्थ नाही. दर पंधरा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी करा. एकदम बंद केलेल्यांपैकी बरेच जण महिनाभरात परत दोन चमच्यांवर येतात. जिभेला नव्या पातळीची सवय व्हायला महिना-दोन महिने द्यावेच लागतात, त्यानंतर जुना चहा पाकासारखा लागतो.

थोडक्यात क्रम असा लावा: आधी दुपारची उसळ आणि चहातली साखर, मग लाडवाचं नवं प्रमाण, मग रात्रीचं अंजीर. बाकीचे पदार्थ आठवड्यातून एक-दोनदा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याआधी पुन्हा तपासून काही कळणार नाही. त्याच वेळी बी-१२ही तपासून घ्या. गोडाशी त्याचा संबंध नाही, पण दूध पूर्ण सोडलेल्याला ते बाहेरून घ्यावंच लागतं. तुमच्या जेवणाच्या वेळा, दिवसाचे चहाचे कप आणि काही औषधं सुरू असतील तर ती लिहा, म्हणजे चार वाजताचं प्रमाण आणखी नेमकं सांगता येईल.